पाचच्या आधीचं शून्य

अमेरिकेत नर्स व्हायला चार वर्षांची पदवी लागतेच असं नाही. कम्युनिटी कॉलेजातल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतरही तोच परवाना मिळतो. दोन वर्षांत असं काय शिकवतात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून न्यू यॉर्क राज्यातल्या एका सार्वजनिक कॉलेजात गेले.

इतिहास थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नर्स कमी पडू लागल्या. तोवर बहुतेक मुली रुग्णालयांच्याच शाळांत तीन वर्षं शिकत आणि वॉर्डातलं बरंचसं काम त्यांच्याकडून करून घेतलं जाई. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या मिल्ड्रेड माँटॅग यांनी १९५१ साली वेगळी वाट सुचवली: शिक्षण कॉलेजात द्या, दोन वर्षांत पुरं करा. १९५२ पासून सात महाविद्यालयांत आणि एका रुग्णालयाच्या शाळेत पाच वर्षांचा प्रयोग झाला. मिडलटाउनचं ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज त्यांतलंच एक. माँटॅगबाईंच्या मनात होती ती पदवीधर नर्सच्या हाताखाली काम करणारी तंत्रज्ञ. प्रत्यक्षात या मुली परवान्याच्या परीक्षेला बसल्या, उत्तीर्ण झाल्या आणि पूर्ण अधिकाराच्या रजिस्टर्ड नर्स ठरल्या. दोन वर्षं पुरेत की चार वर्षांची पदवी हवीच, हा आजचा वाद तिथूनच सुरू होतो.

मला खिळवून ठेवलं ते तळमजल्यावरच्या स्किल्स लॅबने. खाटांवर रबरी पुतळे, शेजारी सलाईनचे पंप, आणि एक प्राध्यापिका. या बाई आधी बरीच वर्षं अतिदक्षता विभागात होत्या. फळ्यावर गणित होतं. २५० मिलिलिटरच्या पिशवीत हेपॅरिनचे २५,००० युनिट. रुग्णाला तासाला १,२०० युनिट द्यायचे, तर पंप कितीवर लावायचा? उत्तर तासाला १२ मिलिलिटर. घाईत १२० लिहिलं, तर रक्त पातळ करणारं औषध दसपटीने जाईल. म्हणून इथे गणिताच्या पेपरात ३५ टक्क्यांवर पास होत नाही. अनेक कॉलेजं नव्वद, काही तर पैकीच्या पैकी गुण मागतात. लिहिण्याचाही नियम आहे: अर्धा मिलिग्रॅम लिहिताना पाचच्या आधी शून्य हवंच, म्हणजे ०.५, आणि पूर्ण पाच लिहिताना पुढे शून्य नको, कारण ५.० मधला ठिपका पुसट झाला की ५० वाचलं जातं. हे शून्य विसरलेला प्रत्येक कागद बाई परत देत होत्या.

मग चेक-ऑफ, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. पुतळ्याला लघवीची नळी घालून दाखवायची. एका मुलाचा निर्जंतुक हातमोजा चादरीला निसटता लागला. माझ्या लक्षातही आलं नसतं. बाई गप्प उभ्या. तो थांबला, म्हणाला, “मोजा खराब झाला,” आणि नवा संच फोडून पहिल्यापासून सुरुवात केली. बाईंनी त्याला पास केलं. चूक झाल्याने नापास करत नाहीत; झालेली चूक दडवली की नापास. रात्री दोन वाजता, कोणी बघत नसताना, ही मुलं तसंच वागणार आहेत का, एवढंच बाईंना तपासायचं असतं. हातांच्या कौशल्याइतकंच सचोटीचंही प्रात्यक्षिक घेणारी दुसरी परीक्षा मला ठाऊक नाही.

शेवटी एनक्लेक्स, म्हणजे परवान्याची परीक्षा, दोन वर्षंवाल्यांना आणि चार वर्षंवाल्यांना एकच. संगणक उत्तर बघून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड देतो. किमान ८५ प्रश्न, कमाल १५०, वेळ पाच तास. विद्यार्थी पात्र की अपात्र, याची ९५ टक्के खात्री पटली की पडदा मध्येच बंद होतो.

एवढं चोख शिक्षण, मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे, दोन वर्षं ही दोन नसतात. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र हे विषय अनेक ठिकाणी आधी उरकावे लागतात. रात्रपाळी करत, मुलं सांभाळत शिकणाऱ्यांना तीन-चार वर्षं सहज लागतात. दुसरं, जागा. चांगले गुण असूनही अनेकांना प्रवेश मिळत नाही, कारण वॉर्डात एका शिक्षिकेमागे आठ-दहाच विद्यार्थी नेता येतात, आणि शिक्षिकाच मिळत नाहीत. शिकवायला बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात, आणि तेवढी शिकलेली नर्स रुग्णालयात जास्त कमावते. नर्सच्या टंचाईवर सगळे बोलतात. नर्स घडवणाऱ्यांचा पगार वाढवायला मात्र कोणी पुढे येत नाही, आणि हे मला चीड आणणारं वाटतं.

तिसरं, कायदा. न्यू यॉर्कने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलं की नव्या नर्सनी परवान्यानंतर दहा वर्षांत पदवी मिळवावी. जास्त पदवीधर नर्स असलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी आढळले, असं लिंडा एकेन यांच्या २००३ च्या अभ्यासात दिसलं होतं, तेव्हा हा आग्रह निराधार नाही. पण पदवीचा खर्च नव्या नर्सने एकटीने सोसायचा, हे न्याय्य नाही.

आपल्याकडच्या अनेक घरांतली भाची, सून आज तिकडे हा मार्ग शोधते आहे. तिला एवढंच सांगा: घाईच्या जाहिरातींना भुलू नकोस. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन संस्थांमधून ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका विकल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता बघ, एनक्लेक्सच्या निकालाची टक्केवारी बघ, आणि वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी असतात ते फी भरण्याआधी विचार.