पेटीवर आळ येण्याआधी

आषाढात तोरण्यावरचे ढग खाली उतरले, की विंझर ते वेल्हे हा रस्ता दिवसच्या दिवस ओलाच राहतो. भातलावणीची घाई असते, पिकअप पहाटेच निघायला हवी असते आणि नेमकी अशा सकाळी गाडी अडून बसते. सेल्फ फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही. चार माणसे बोनेटभोवती जमतात आणि त्यातला एकजण निकाल देतो, ‘ईसीएम गेला.’

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पेटीतला छोटा संगणक. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर तो बहुतेक मोटारसायकलींतही आला. त्याचे काम किती बारीक असते ते पाहा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर एक फेरा 20 मिलिसेकंदांत पुरा होतो आणि फेऱ्याच्या एका अंशाला जेमतेम 55 मायक्रोसेकंद मिळतात. क्रँकवर दातेरी चाक असते. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठे आहे हे पेटी ओळखते आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते ठरवते.

एवढे काम करणारी वस्तू नाजूक असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती गाडीतल्या दणकट वस्तूंपैकी एक आहे. तिच्यावर आळ येतो तेव्हा खरा गुन्हेगार बहुतेकदा बाहेर सापडतो: ढिले अर्थिंग, हिरवा पडलेला कपलर, चिकटलेला मेन रिले, उंदराने कुरतडलेली वायर. म्हणून आजूबाजूचे सगळे निर्दोष ठरल्याशिवाय पेटीला दोषी धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अर्थिंगची आहे. मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणजे पुरवठा ठीक, असे मानण्यात चूक होते. मीटर स्वतः मायक्रोअँपिअरभरच प्रवाह ओढतो. त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली, तरी आकडा पुरा दिसतो. गाडी चालू करताना मात्र त्याच वाटेने काही अँपिअर जायचे असतात. गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध वाढला आणि तीन अँपिअर वाहू लागले, तर दीड व्होल्ट वाटेतच जिरतो. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहाच्या आसपास उतरलेली असते. मग पेटीला उरतात साडेआठ व्होल्ट, आणि ती गप्प बसते किंवा भलतेच वागते. म्हणूनच जुने कारागीर मीटरच्या जोडीला इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघतात. बल्ब लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे, मिणमिणला तर वाटेत खोट आहे. ओहमचा नियम शाळेत शिकलेल्या कुणालाही ही परीक्षा करता येईल.

दुसरा सापळा पाच व्होल्टचा. पेटी अनेक सेन्सरांना एकाच सामाईक वाटेने पाच व्होल्ट पुरवते. पाणी शिरून त्यातला एक शॉर्ट झाला, की सगळ्यांचाच पुरवठा कोसळतो. स्कॅनरवर पाच-सहा कोड एकदम झळकतात आणि पेटी मेल्यासारखी वाटते. अशा वेळी सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जायचे. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात, तो दोषी.

स्कॅनरशी पेटी बोलतच नसेल तर बॅटरीची वायर काढून सोळा पिनांच्या सॉकेटमधल्या सहा आणि चौदा क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजावा. पेटी ज्यांवरून स्कॅनरशी बोलते त्या ‘कॅन’ वायरींच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोधक असतात, म्हणून मीटरवर सुमारे 60 आकडा यायला हवा. 120 दिसले तर एक टोक तुटले आहे.

कधी कधी पेटी खरोखरच जाते. जंप स्टार्ट देताना उलटे लागलेले टोक, बॅटरीची वायर न काढता बॉडीवर केलेले वेल्डिंग, आत शिरलेले पाणी, ही त्याची कारणे. पाण्याची तऱ्हा तर विशेषच. गरम पेटी पावसात एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सैल सीलमधून ओल शोषली जाते. हे टाळायला पुष्कळ पेट्यांना हवा जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा पातळ पडदा बसवतात. पुरवठा, अर्थिंग, वायरी सगळे तपासून झाल्यावरही प्रोसेसरच्या दोषाचा पी0606 कोड पुन्हा पुन्हा येत असेल, तर पेटीवरचा संशय रास्त आहे.

बदलणे म्हणजे चार बोल्ट काढून नवी बसवणे इतकेच असते, तर प्रश्न नव्हता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांत सॉफ्टवेअर वेगळे असू शकते, म्हणून पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा लागतो. किल्लीतली चिप नव्या पेटीने ओळखली नाही, तर इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देत नाही. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड पेटीत भरावा लागतो, कारण दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे इंधन फवारत नाहीत. एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये किती काजळी साचली आहे हा हिशेबही जुन्या पेटीतच असतो. तो नव्या पेटीत उतरवला नाही, तर तिला भरलेला फिल्टर रिकामा वाटतो. आणि प्रोग्रॅम भरत असताना बॅटरी उतरली, तर नवी पेटीही वाया जाऊ शकते. त्या वेळी स्थिर दाबाचा चार्जर लावून ठेवणे सक्तीचेच समजावे.

हा प्रोग्रॅम आणि वायरिंगचा नकाशा खेड्यातल्या गॅरेजलाही रास्त किमतीत मिळायला हवा. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारी आणि शेतीची यंत्रे दोन्ही धरली आहेत. भर लावणीत गाडी टो करून पुण्याला न्यावी लागते, तेव्हा त्या हक्काची किंमत कळते.

तोवर मालकाने एक करावे. बदललेली जुनी पेटी गॅरेजमध्ये सोडू नये, मागून घ्यावी आणि कोरड्या जागी ठेवावी. मेलेल्या पेटीच्या मेमरी चिपमधूनही किल्लीची आणि इंजेक्टरची माहिती अनेकदा वाचता येते, आणि नव्या पेटीत काही चुकले तर तीच माहिती उपयोगी पडते.