पत्रा, रिव्हेट आणि एसटी

एसटीच्या गाडीचं अंग कशाचं असावं, हे बऱ्याच अंशी समुद्राकाठच्या खाऱ्या हवेनं ठरवलं. सुरुवातीच्या लाकडी बॉड्यांच्या जागी एसटी महामंडळानं पोलादी बॉड्या आणल्या. त्या मजबूत होत्या, पण गंजत होत्या, आणि किनारपट्टीवर तर फारच लवकर. म्हणून १९६०च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं. त्याच सुमारास गाडीचा मूळचा निळा आणि रुपेरी रंग जाऊन लाल रंग आला. आज जिला सगळा महाराष्ट्र लाल परी म्हणतो, तिचं रूप असं एका धातूच्या निवडीसोबत ठरत गेलं. ही निवड कुठल्या मोटार कंपनीनं केली नव्हती. ज्यांना ती गाडी रोज रस्त्यावर चालवायची होती, त्या महामंडळानंच ती केली होती.

एसटीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक प्रवाशाच्या बाजूनं. फाट्यावरचं वाट पाहणं, कंडक्टरची घंटी, सुट्ट्या पैशांवरून होणारी बाचाबाची. गाडी कुठे आणि कशी घडते, याकडे फारसं कुणी वळलं नाही. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा महामंडळाच्या आहेत. टाटा किंवा अशोक लेलँडची चासी विकत घ्यायची आणि तिच्यावरची बॉडी आपल्या माणसांकडून, आपल्या छपराखाली बांधून घ्यायची, असा इथला अनेक दशकांचा रिवाज. या अर्थानं एसटी ही बस चालवणारी संस्था आहे, तशीच बस बांधणारीही.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, तेव्हा यातलं काही नव्हतं. मुंबई राज्याच्या या नव्या उपक्रमाकडे ३० बेडफर्ड गाड्या होत्या. बॉडी लाकडी, बाकं काथ्याची, आसनं तीस. पुढे ताफा वाढला तो मिळेल त्या गाड्यांनी. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट, अशा दहा बनावटींच्या गाड्या त्या काळात एसटीत धावत होत्या. दहा बनावटी म्हणजे सुट्या भागांचे दहा साठे आणि मेकॅनिकनं शिकायच्या दहा तऱ्हा. त्या पसाऱ्यातही हौस सुटली नव्हती. मॉरिसच्या चासीवर ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’ नावाच्या दोन आरामगाड्या बांधून घेतल्या होत्या. पुणे–महाबळेश्वर मार्गावर त्या धावत. दोन-दोनची आसनं, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ! नवं सरकारी खातं स्वतःच्या गाडीला इतक्या मायेनं सजवतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चासी म्हणजे काय हे हमरस्त्यावर अनेकांनी पाहिलेलं असतं. दोन लांब पोलादी तुळया, त्यांवर इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग आणि तोंडाला फडकं गुंडाळून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. ना छप्पर, ना भिंती. बॉडीचं काम त्या तुळयांवर आडवे आधार बसवण्यापासून सुरू होतं. त्यांवर तळ, मग दोन्ही बाजूंचे उभे खांब, खांबांना वरून जोडणाऱ्या छताच्या कमानी. हा सांगाडा उभा राहिला की बाहेरून पत्रा चढतो. मग काचा, बाकं, सामानाच्या फळ्या, वायरिंग, रंग. फिटर, पत्रेकाम करणारे, वेल्डर, रंगारी, आसनांचं काम करणारे, अशा कितीतरी हातांखालून गाडी जाते. महामंडळाच्या पदांच्या यादीत आजही ‘कारागीर’ हा शब्द आहे, आणि या कामाला तो शोभतो.

ॲल्युमिनियमचं काम पोलादाहून वेगळं. सारख्याच आकारमानाच्या पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजन, त्यामुळे गाडी हलकी होते. हवा लागताच त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतला धातू राखला जातो. पण उष्णतेनं कडक केलेल्या मिश्रधातूला वेल्डिंगची आच लागली, की जोडापाशीच त्याची ताकद उतरते. म्हणून इथे जोड रिव्हेटचा. भोकं पाडायची, रिव्हेट घालायचा, दाबून बसवायचा, आणि हे एका गाडीला असंख्य वेळा. जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे खारी ओल शिरली, तर ॲल्युमिनियमच झिजू लागतं. म्हणून दोन धातूंमध्ये काहीतरी आड घालावं लागतं. ही काळजी घेतली नाही, तर गंज टाळायला आणलेला धातूच जोडापाशी खाल्ला जातो.

रिव्हेटचा मोठा गुण दुरुस्तीत दिसतो. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकनं कूस घासली, स्थानकात मागची गाडी टेकली, कुणी आंदोलनात दगड घातला, तर तेवढ्याच भागाचे रिव्हेट ड्रिलनं काढायचे, पत्रा उतरवायचा आणि नवा चढवायचा. हे काम जिल्ह्याच्या विभागीय कार्यशाळेत होतं, कारखान्याकडे गाडी पाठवावी लागत नाही. एसटी ही गावाकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून गावाला जाणारी गाडी आहे. तिच्यातून टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रं, औषधं, शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे जायचे. ती एक दिवस आगारात उभी राहिली, तर त्या वाटेवरचं पुष्कळ काही अडायचं. त्यामुळे लवकर दुरुस्त होणं हा तिच्या बांधणीतला खरा शहाणपणा होता, असं मला वाटतं.

आसनं तीसची पंचेचाळीस झाली, मग चोपन्न. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी निमआराम गाडी आली, आणि लोक तिला एशियाड म्हणू लागले. पुढच्या वातानुकूलित गाड्यांची गोष्ट निराळी, त्यांचा कार्यशाळेच्या पत्रेकामाशी फारसा संबंध नाही.

ॲल्युमिनियमची उणी बाजू अपघातात उघडी पडत होती. गाडी उलटली की सांगाडा दबायचा, पत्रा फाटायचा, आणि फाटलेल्या पत्र्याची धार माणसाला कापायची. बसबांधणीची राष्ट्रीय मानकंही कडक होत गेली होती. दापोडीपासून जवळच, भोसरीला, १९६७पासून केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे, आणि बसच्या बांधणीची तपासणी हे तिच्या कामांपैकी एक. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळानं पुन्हा पोलादाकडे तोंड वळवलं. आता माइल्ड स्टीलच्या चौकोनी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा. जुन्या, चांगल्या चालणाऱ्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून तिच्यावर पोलादी बॉडी चढवण्याचं कामही कार्यशाळांनी केलं. आयुष्यभर रिव्हेट बसवलेल्या हातांना हे सोपं नव्हतं. वेल्डिंगमध्ये सांगाडा ओढला जातो, माप हलतं, आणि एका खांबाचं माप हललं की खिडकीची काच बसत नाही. माणसाचा जीव वाचवणारा हा बदल होता, आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता.

२०२०च्या टाळेबंदीत प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हा याच कार्यशाळांनी जुन्या प्रवासी गाड्यांच्या बॉड्या उतरवून त्यांचे मालट्रक केले, आणि एसटी धान्य, खत, सामान वाहू लागली. ज्या संस्थेला गाडी स्वतः बांधता येते, तिलाच अशी घाईच्या वेळी ती उलटीपालटी करता येते.

म्हणूनच पुढची पावलं मला अस्वस्थ करतात. २०२३मध्ये महामंडळानं ५,१५० विजेवरच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. अशा करारात गाडी कंपनीची, देखभाल कंपनीची, आणि महामंडळ किलोमीटरमागे पैसे मोजतं. २०२४मध्ये अशोक लेलँडला २,१०४ तयार बसची मागणी दिली गेली. चासी नव्हे, बॉडीसकट पूर्ण गाडी. यामागची निकड खरी आहे. ताफा जुना झालेला, २०२१–२२च्या लांबलेल्या संपानं घडी विस्कटलेली, आणि प्रवाशांना गाड्या आत्ता हव्यात. तयार गाडी लवकर मिळते हेही मान्य. पण कार्यशाळेत नवी बांधणी थांबली, की काय थांबतं याचा हिशेब निविदेत येत नाही. दरवर्षी आयटीआयमधून शिकाऊ उमेदवार एसटीत येतात. पत्रा कसा वळवायचा, वेल्ड मारताना नळी कुठे धरून ठेवायची, हे ते जुन्या कारागिराच्या शेजारी उभं राहून शिकतात, आणि दुरुस्तीच्या कामातून ते अर्धंच शिकता येतं. खरेदी करायची असेल ती करावी. मात्र तिन्ही कार्यशाळांच्या वाट्याला दरवर्षी नव्या चासींचा एक ठरलेला हिस्सा राखून ठेवावा, आणि विजेच्या गाड्यांच्या करारांतही बॉडीचं काम आपल्या माणसांकडे येईल अशी अट घालावी. दापोडीत, चिकलठाण्यात आणि हिंगण्यात त्यासाठी लागणारी माणसं आजही कामावर आहेत.