शके, सुहूर, फसली, इसवी: मराठेशाहीच्या कागदांतील वर्षे

पानिपतची तिसरी लढाई झाली त्या दिवशी इसवी सनाची १४ जानेवारी १७६१ ही तारीख होती. पंचांगाप्रमाणे ती शके १६८२, विक्रम नाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. त्याच दिवशी विक्रम संवत १८१७, हिजरी सन ११७४, सुहूर सन ११६१, दक्षिणी फसली ११७० आणि राज्याभिषेक शक ८७ ही वर्षेही चालू होती. मराठेशाहीच्या कागदांत यांपैकी कोणताही आकडा येऊ शकतो. त्यामुळे वर्षाचा नुसता अंक फारसे काही सांगत नाही. ते वर्ष कोणत्या घटनेपासून मोजले, सूर्याच्या गतीने की चंद्राच्या, आणि ते कोणत्या दिवशी बदलते, हे कळल्यावरच त्या अंकाला अर्थ येतो.

महाराष्ट्रात सर्वांत रुळलेली गणना शालिवाहन शकाची. तिचा आरंभ इ.स. ७८ मधला आणि वर्षारंभ चैत्र शुद्ध प्रतिपदेचा. शकाचा अंक चालू वर्षाचा नसून सरलेल्या वर्षांचा असतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी जेधे शकावलीत आहे. तिच्यात सवयीने ७८ मिळवले तर १६२९ येते. बरोबर वर्ष १६३० आहे, कारण तो फाल्गुन आहे.

शकाच्या जोडीला प्रभव ते क्षय अशा साठ संवत्सरांपैकी एकाचे नाव असते. शकात १२ मिळवून साठाने भागले की उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावे क्षय संवत्सर. शके १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. बाकी ४८ उरते, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेक आनंद नाम संवत्सरातच झाला. नक्कल करताना अंक चुकला असेल तर संवत्सराचे नाव ती चूक उघडी पाडते, म्हणून अभ्यासकाला ही जोडी फार मोलाची. उत्तर भारतात मात्र हे चक्र गुरूच्या गतीशी बांधलेले राहिले आणि सुमारे ८५ वर्षांनी एक नाव गाळले जाते. त्यामुळे तिकडे त्याच वर्षाचे नाव वेगळे असते. वर आलेल्या विक्रम संवत्सराचा विक्रम संवताशी काही संबंध नाही. संवत ही इ.स.पू. ५७ पासूनची गणना आहे. ती उत्तरेत चैत्रात आणि गुजरातेत कार्तिकात बदलते, म्हणून चैत्र ते आश्विन या काळात गुजराती अंक एकाने कमी असतो.

राज्यकारभारात खरा गुंता हिजरी सनातून निघालेल्या वर्षांचा आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यात अधिक मास नसल्याने ते दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. शेतसारा मात्र पिकावर घ्यायचा आणि पीक पावसावर अवलंबून. सरकत्या वर्षाने वसुली चालणे शक्यच नव्हते. यावर तोडगा असा निघाला की हिजरीचा त्या वेळचा अंक घ्यायचा आणि पुढे तो सौर वर्षाने मोजायचा. सुहूर सन असाच घडला. त्याचा अंक मागे मोजत नेला तर हिजरी ७४५ शी, म्हणजे इ.स. १३४४ शी मेळ बसतो. शाहजहानच्या काळात १६३६ मध्ये, हिजरी १०४६ असताना, दक्षिणेत हाच उपाय फसली सनासाठी पुन्हा झाला. मधल्या २९२ सौर वर्षांत ३०१ चांद्र वर्षे उलटली होती. सुहूर आणि दक्षिणी फसली यांत नेहमी दिसणारे नऊ वर्षांचे अंतर येते ते येथूनच. अकबराच्या काळातील उत्तरेकडील फसली तर आणखी वेगळी. तिचा अंक दक्षिणी फसलीपेक्षा दोनाहून थोडा अधिक मागे राहतो.

सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सुरू होई. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आज मृग ७ जूनच्या आसपास लागतो. शिवकाळातील इंग्रजी तारखेने तो २४ मेच्या सुमारास येई. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत आणि एकम आधी घेत. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार: १०७५, राज्याभिषेकाचे वर्ष. पानिपतचे वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर, हजार.

पेशवेकालीन पत्रांत या सौर वर्षाला मुसलमानी चांद्र महिन्यांची तारीख जोडलेली असते. तारखेआधी चंद्राचे ‘छ’ हे चिन्ह येते. ही जोडी कधी कधी अभ्यासकाला कोड्यात टाकते. समजा, मृग ५ जिल्कादला लागला. चांद्र वर्ष लवकर संपते, त्यामुळे पुढचा मृग १६ जिल्कादच्या सुमारास येईल. म्हणजे ५ ते १५ जिल्काद या तारखा एकाच सुहूर वर्षात दोनदा येतात, एकदा आरंभी आणि एकदा अखेरीस. अशा पत्राचे खरे वर्ष वार, पाऊसपाणी किंवा फौजेचा मुक्काम पाहूनच ठरवावे लागते.

राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. त्याचा अंक चालू वर्षाचा असतो, त्यामुळे राज्याभिषेकाच्या दिवशीच त्याचे पहिले वर्ष सुरू झाले. स्वतःच्या राज्यारोहणापासून नवी कालगणना सुरू करणे ही सार्वभौमत्वाची उघड घोषणा होती.

इसवी सनही त्या काळी एकसारखा नव्हता. १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस गाळून पंचांग सुधारले; ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आली. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. म्हणून राज्याभिषेकाचा दिवस मुंबईच्या इंग्रजांच्या लेखी ६ जून १६७४, तर गोव्याच्या पोर्तुगीजांच्या लेखी १६ जून. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई; जानेवारी ते मार्चच्या कागदांवर त्यामुळे आदल्या वर्षाचा अंक दिसतो. आजचे इतिहासकार शिवकाळासाठी दिवस जुन्या पद्धतीचा ठेवतात आणि वर्ष १ जानेवारीपासून धरतात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्या रीतीने आलेली आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो.