एकादशीचे पाहुणे

वाचकहो, एकादशीच्या ताटाची वंशावळ आपण कधी पाहिली आहे काय? बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंददेखील, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली! सोळाव्या शतकापासून पुढे ती इकडे आली आणि थेट उपवासाच्या पंगतीत बसली. घरच्या गव्हातांदळाला मात्र तेथे मज्जाव.

यंदा पुतण्याने अमेरिकेहून पाठविलेली चॉकलेटची वडी परभणीस पोचली, ती नेमकी एकादशीला. आत दाण्याचे लोणी. पेनसिल्व्हानियातील एच. बी. रीस यांनी १९२८ पासून ही जोडी विकली. नातवाला चार वर्षे न पाहिलेल्या आईने हात आखडला.

मी म्हटले, "दाणा चालतो, दूध-साखर चालते. कोको तर दाण्याच्याच मुलखातला."

तिने तुकडा तोंडात टाकला. खारटगोड, टाळूला चिकटणारा.

"अरे, हा तर आपला दाण्याचा लाडू! गूळ तेवढा नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे पोराला तिकडे घरचं काही मिळतं म्हणायचं."