उशीआडून बघायचे सिनेमे

भुताचा सिनेमा लागला की तुम्ही उशी कुठे धरता? पोटाशी की डोळ्यांसमोर? डोळ्यांसमोर धरून वरच्या कडेवरून हळूच बघणाऱ्यांपैकी असाल, तर आपलं जमेल. तुम्हाला भीती वाटते आणि तरी तुम्ही उठून जात नाही. घरातलं कुणीतरी "एवढी घाबरतेस तर बघतेस कशाला?" असं विचारतंच. त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, पुढचा सीन चुकेल.

मी भुताटकीचे सगळे सिनेमे बघते. चांगले बघते, वाईट बघते आणि अतिशय वाईट असतील तर मैत्रिणींना बोलावून बघते. या तिन्हींची मजा वेगळी असते.

आधी जुन्यांकडे जाऊ. १९४९ चा 'महल' तुम्ही पाहिला नसेल तर एकदा रात्री दिवे मालवून बघा. कमाल अमरोहींचं हे पहिलं दिग्दर्शन. अशोक कुमार एका ओस पडलेल्या वाड्यात येतो आणि भिंतीवरच्या तसबिरीतल्या माणसाचा चेहरा हुबेहूब त्याच्यासारखाच निघतो. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. आहे तो हलणारा झोपाळा, धुकं आणि लता मंगेशकरांचा दुरून जवळ येणारा आवाज. पुढचं सांगत नाही. आपल्याकडच्या भटकत्या आत्म्याच्या कितीतरी सिनेमांचं मूळ इथे आहे. मराठीत घरातल्या मोठ्यांना १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'बद्दल विचारा. नरसूचं नाव काढताच त्यांचा चेहरा बघा!

बाहेरच्यांत हिचकॉकचा 'सायको' (१९६०). त्यातल्या न्हाणीघराच्या प्रसंगात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. खरी भीती घातली ती फक्त तंतुवाद्यांवर बांधलेल्या संगीताने. खात्री करायची असेल तर तो प्रसंग आवाज बंद करून बघा. निम्मी भीती पळते. दचकवण्याच्या तंत्राचंही तसंच आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय, आपण श्वास रोखलाय आणि फिस्स करून समोर येते ती चक्क बस! पडद्यावर काहीच घडलेलं नाही, पण आपण खुर्चीतून उडालेलो असतो. ही युक्ती आजही रोज वापरली जाते, फक्त बसच्या जागी मांजर किंवा नवरा येतो.

आता माझे लाडके, म्हणजे टुकार सिनेमे. इथे रामसे बंधूंचं नाव आदराने घ्यायला हवं. निशातगंजच्या आमच्या ऑफिसात वेगवेगळ्या भाषांचे लोक शेजारी शेजारी बसतात. बाकी कशावरही वाद होतील, पण 'पुराना मंदिर'वर सगळ्यांचं एकमत आहे.

या घराण्याची गोष्टच एखाद्या सिनेमासारखी आहे. फतेचंद रामसे यांचा फाळणीआधी कराचीत रेडिओचा धंदा होता, मग ते मुंबईला आले. त्यांना सात मुलगे. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा त्यांचा १९७० चा सिनेमा पडला. पण मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात, त्या प्रसंगाला लोक खूश होतात. मग सगळा सिनेमाच तसा का नको? त्यातून १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरला झालं आणि त्यासाठी अख्खं कुटुंब तिकडे गेलं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, कुमार लिहायला, अर्जुन संकलनाला. घरचं लग्न असल्यासारखा कारभार! महागडा स्टार नाही, परदेशी लोकेशन नाही. सिनेमा चालला आणि दुकान सुरू झालं.

१९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी आठवतो? तो उंचापुरा सैतान साकारणारे अजय अगरवाल मूळचे इंजिनिअर. मेकअप कानाजवळ सुटलेला दिसतो, वटवाघूळ दोरीवर फिरतंय हे कळतं, मध्येच जगदीप येऊन विनोद करून जातात. आणि तरीही रात्री पाणी प्यायला उठताना मागे कुणी आहे असं वाटतंच. असे सिनेमे एकट्याने बघू नयेत. कुणीतरी "अरे, तो दरवाजा उघडू नकोस!" असं पडद्यावरच्या माणसाला ओरडून सांगणारं जवळ हवं. १९९३ मध्ये हेच रामसे झी टीव्हीवर हॉरर शो घेऊन आले आणि आपल्या आईबाबांची पिढी पांघरुणाच्या फटीतून टीव्ही बघायला शिकली.

त्याच वर्षी मराठीत 'झपाटलेला' आला. 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमावरून सुचलेला, पण तात्या विंचू इतका आपला झाला की मूळ बाहुल्याची आठवणही येत नाही. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि समोर घाबरून थरथरणारा लक्ष्या. हसू आणि भीती एकाच वेळी कशी आणायची हे महेश कोठारेंना नेमकं कळलं होतं. त्यानंतर किती घरांत बाहुल्या कपाटावर चढवल्या गेल्या असतील!

नव्या सिनेमांत भूत वाडा सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलं. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये (२००३) गाणी नाहीत, हवेली नाही, आहे ती उंच इमारत आणि लिफ्ट. रात्री लिफ्टने एकटं जाणाऱ्यांनी तो जरा विचार करूनच बघावा. मग २०१८ मध्ये 'तुंबाड' आला. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागे नारायण धारपांच्या कथेची सावली आहे. तो चार पावसाळ्यांत चित्रित झाला आणि तो पाऊस आपल्या हाडांपर्यंत पोचतो. त्यातली भयंकर आजी आणि लहानगा पांडुरंग हे एकाच मुलाने, मोहम्मद समादने केलंय, हे माहीत असूनही दुसऱ्यांदा बघताना विश्वास बसत नाही. पहिल्यांदा थिएटरात फार चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा मूळच्यापेक्षा जास्त कमाई झाली. त्यातलं भूत म्हणजे माणसाची हाव, म्हणून ते जुनं होत नाही.

इथे मला एक गोष्ट खटकते. आपल्या सिनेमांतलं भूत बहुतेक वेळा बाई का असते? मोकळे केस, पांढरी साडी, उलटे पाय. आणि मग मांत्रिक येऊन तिला 'बरी' करतो. पडद्यावर हे गमतीचं वाटतं, पण बाहेर आजही बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर. तेव्हा मांत्रिकाला हिरो करणाऱ्या सिनेमांना माझे गुण कमीच.

म्हणूनच विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' मला फार मोठा वाटतो. तो २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस आणि टळटळीत दुपार. अंधाराची मदत न घेता घाबरवणं सोपं नाही. पूजा सावंतची भीती खरी वाटते आणि उषा नाईक यांची तुळसाबाई तर प्रेमाने बोलताना जास्त घाबरवते. भुतं आहेत, पण त्यांची गोष्ट पोटातच मारलेल्या मुलींपाशी येऊन थांबते. तिथे उशी आपोआप खाली येते. हिंदीत याचाच 'छोरी' झाला, तरी आधी मराठी बघा.

आणि मुलांचं काय? प्रमाणपत्र बघायची सवय लावा. २०२४ पासून यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षं असे वेगळे टप्पे आले आहेत. 'तुंबाड' प्रौढांसाठीच आहे, मूल कितीही हट्ट करू दे. लहानांची सुरुवात 'झपाटलेला'ने करा, दुपारी, आवाज थोडा कमी ठेवून. थोडी मोठी मुलं असतील तर आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' आहे. पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट आजीकडून आधी ऐकवा, मग सिनेमा लावा. त्यांचाच 'झोंबिवली' डोंबिवलीकरांनी अवश्य बघावा, त्यात झोंबींइतकाच जीव पाण्याच्या टंचाईने खाल्लाय.