रणांगणावरून परतलेले मन

युद्धाची कथा सांगण्याची आपल्याकडील रीत फार पूर्वीच ठरून गेली आहे. शिवनेरीच्या छायेतील जुन्नर आणि त्याला लागून असलेले आंबेगाव या दोन तालुक्यांत तर पोवाड्याचा संस्कार बालवयापासूनच होतो. पोवाड्यात शौर्य असते, बलिदान असते. परंतु लढाई संपवून घरी आलेला शिपाई मध्यरात्री दचकून का उठतो, या प्रश्नाला त्यात जागा नसते. वस्तुतः युद्धाचा पुरा हिशेब मांडावयाचा तर या प्रश्नापासूनच आरंभ केला पाहिजे.

अमेरिकेतील एचबीओ वाहिनीने २०१० साली प्रसारित केलेल्या ‘द पॅसिफिक’ या दहा भागांच्या मालिकेने नेमके हेच केले. दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध लढलेल्या मरीन सैनिकांची ही कथा बव्हंशी दोन सैनिकांच्या आठवणींवर आधारलेली आहे. रॉबर्ट लेकी यांचे पुस्तक १९५७ साली, तर यूजीन स्लेज यांचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. पेलेलिऊ बेटावर १५ सप्टेंबर १९४४ रोजी सैन्य उतरले, तेव्हा मोहीम तीन-चार दिवसांत आटोपेल असे सेनापतीचे भाकीत होते. प्रत्यक्षात ती दोन महिन्यांहून अधिक काळ चालली. कडक ऊन, तेलाच्या पिंपांतून आलेले दूषित पाणी आणि न पुरलेली प्रेते यांच्या सहवासात माणसाचे काय होते, हे मालिका कोणताही आडपडदा न ठेवता दाखविते. जंगलातील लढाईनंतर लेकीला झोपेत लघवी होऊ लागते व त्याला रुग्णालयात धाडावे लागते. धर्मनिष्ठ घरातील स्लेज शत्रूच्या प्रेताचे सोन्याचे दात काढावयास सरसावतो. सुखरूप घरी परतल्यावर तोच स्लेज वडिलांबरोबर शिकारीस निघतो आणि वाटेतच कोसळून रडू लागतो.

यांपैकी कोणीही भित्रा नाही, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शरीराप्रमाणेच मनाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते, आणि ती ओलांडली की शूर मनुष्यही खचतो. पहिल्या महायुद्धात या अवस्थेस ‘शेल शॉक’ म्हणत व अनेकदा तिच्याकडे भ्याडपणा म्हणूनच पाहत. आघातोत्तर मनोविकार या स्वरूपात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात तिला स्थान मिळावयास १९८० साल उजाडावे लागले.

हा प्रश्न केवळ परक्यांचा आहे, असे मात्र नाही. मेसोपोटेमियातील कूत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्याचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते, आणि त्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार आणि त्यानंतरचा बंदिवास भोगून जे परतले, त्यांच्या मनावरील घावांची दखल कोणी घेतली? जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी मुंबईत १९१७ साली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था निघाली. पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. ही कामे थोरच होत. परंतु तुटलेला पाय दिसतो, म्हणून त्याच्यासाठी संस्था निघते. खचलेले मन दिसत नाही, म्हणून त्याचा भार निमूटपणे घरावर पडतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. राष्ट्राच्या ताळेबंदात जी रक्कम लिहिली जात नाही, ती पत्नीच्या श्रमांतून, मुलांच्या मोडलेल्या शिक्षणातून आणि दारूच्या उधारीतून फेडली जाते. सैन्यात भरती होताना नोंद नसलेल्या आजारामुळे सैनिकास सेवेतून काढावे लागले, तर तो आजार सेवेमुळेच जडला असे मानावे आणि तसे नसल्यास ते शासनाने सिद्ध करावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. पुढे २०२३ मध्ये या विषयाचे नियम नव्याने आले. या निकालांचा व नियमांचा अर्थ लावणे सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या वाडीवरच्या कुटुंबास एकट्याने साधणारे नाही.

येथे शिक्षक व कारकून यांचे काम सुरू होते. गावात अर्ज लिहून देणारा आणि वर्गात जवानाच्या मुलाचा उतरलेला चेहरा पाहणारा तोच असतो. मानसिक आजारावर उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने नागरिकाचा हक्क ठरला आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. ही माहिती घरोघर पोहोचविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते ‘त्याचे डोके फिरले’ हा शेरा आवरणे. सीमेवर निघालेल्या जवानाला वाजतगाजत निरोप देणाऱ्या गावाने, परतलेल्या जवानाचे मौनही तितक्याच आदराने ऐकले पाहिजे. तेवढे झाले तरच त्याच्या शौर्याचा गौरव पूर्ण झाला असे म्हणता येईल.