अकरा अक्षरं गहाळ झाली आणि…

बेल्जियममधल्या एखाद्या गोठ्यात ‘बेल्जियन ब्लू’ जातीचा वळू अचानक समोर आला, तर तुम्ही नक्की दोन पावलं मागे सराल! मांड्या इतक्या भरलेल्या, की दोन्हींच्या मध्ये खोल घळ पडलेली. खांदे गोलगरगरीत. कातडी पातळ आणि तिच्याखाली चरबी अगदी थोडी, त्यामुळे प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो. वजन? हजार किलोच्याही पुढे!

मग हा वळू रोज जोर-बैठका काढत असेल? गाडा ओढत असेल? छे! चरायचं, बसायचं आणि रवंथ करायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. तरी एवढं बळकट अंग आलं कुठून?

जरा तुमचा दंड चिमटीत धरा बरं. बोटांना लागतो तो स्नायू. हजारो बारीक तंतू शेजारीशेजारी बसून तो बनतो. व्यायाम केला की हे तंतू जाड होतात, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. ती बाळ आईच्या पोटात असतानाच जवळजवळ ठरून जाते. बेल्जियन ब्लूचं वासरू मात्र जन्मतं तेव्हाच त्याच्या स्नायूंत जवळपास दुप्पट तंतू असतात! म्हणून अशा गुरांना ‘दुहेरी स्नायूंची’ म्हणतात. खरं तर त्यांचे स्नायू इतर गुरांइतकेच असतात. फक्त तंतूंनी गच्च भरलेले.

हे गूढ उकललं 1997 साली, आणि तेही उंदरांमुळे! अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन हे शास्त्रज्ञ एका नव्या प्रथिनाचं काम काय, ते शोधत होते. त्यासाठी त्यांनी उंदरांमधलं त्या प्रथिनाचं जनुकच बंद पाडलं. आणि काय आश्चर्य! उंदीर चांगलेच दणकट झाले. त्यांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे भरले. म्हणजे त्या प्रथिनाचं काम होतं स्नायूंना ‘आता पुरे!’ असं बजावण्याचं. या प्रथिनाचं नाव मायोस्टॅटिन.

मग साहजिकच प्रश्न आला, की त्या धिप्पाड गुरांमध्येही हेच जनुक बिघडलं असेल का? बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात मिशेल जॉर्ज यांच्या गटाने आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी उत्तर शोधलं. हो, हेच जनुक! बेल्जियन ब्लूमध्ये त्यातली फक्त 11 अक्षरं गहाळ होती.

जनुकाला अक्षरं कशी? जनुक डीएनएचं बनलेलं असतं आणि डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. पेशी ती तीन-तीनच्या गटाने वाचते. आता हे वाक्य वाचा:

अजय घरात बसून कविता वाचतो.

प्रत्येक शब्दात तीन अक्षरं आहेत ना? आता यातलं फक्त ‘रा’ काढा आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडा:

अजय घतब सूनक वितावा चतो.

एकच अक्षर गेलं आणि पुढच्या सगळ्या वाक्याचा बोजवारा उडाला! 11 ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे बेल्जियन ब्लूच्या पेशीत अगदी असंच होतं. गट चुकतात, लगेचच भलत्या जागी ‘इथे संपलं’ अशी खूण येते आणि मायोस्टॅटिन अर्धवट राहतं. ‘पुरे’ म्हणणारंच कुणी उरत नाही, म्हणून तंतू वाढत जातात.

इटलीच्या पिएमॉन्ते भागातल्या ‘पिएमॉन्तेसे’ गायींची गोष्ट आणखी गमतीची. 1886 साली तिथल्या ग्वारेने गावात भरदार मांड्यांचा एक वळू दिसला आणि लोकांनी पुढे तसेच वळू निवडायला सुरुवात केली. या जातीत एकही अक्षर गहाळ नाही. फक्त एका ‘जी’च्या जागी ‘ए’ आला आहे! त्यामुळे प्रथिनाची घडी पक्की धरून ठेवणारा सिस्टीन नावाचा एक घटक बदलतो आणि प्रथिन निकामी होतं. दोन देश, दोन वेगळ्या चुका, पण जनुक एकच.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या गुरांमध्ये दोन्ही बिघडलेल्या असतात. व्हिपेट नावाच्या शर्यतीच्या कुत्र्यांतही असा बिघाड सापडला आहे. तिथे एकच प्रत बिघडली तर कुत्रा जास्त वेगाने धावतो. दोन्ही बिघडल्या तर तो बेल्जियन ब्लूसारखाच फुगीर होतो!

मग हे ‘पुरे’ म्हणणारं प्रथिन शरीरात हवंच कशाला? ते गायीकडून समजून घेऊ या. बेल्जियन ब्लूचं वासरू पोटातच इतकं भरदार होतं आणि गायीची विण्याची वाट इतकी अरुंद असते, की बहुतेक गायींना स्वतःहून विताच येत नाही. पशुवैद्य डाव्या कुशीचा भाग बधिर करतात आणि गाय उभी असतानाच तिचं पोट उघडून वासरू बाहेर काढतात. पुढच्या वेताला पुन्हा तेच. काही वासरांची जीभ इतकी मोठी असते, की त्यांना धड दूधही पिता येत नाही.

पिएमॉन्तेसे गायींमध्ये मात्र सहज विणाऱ्या गायी निवडण्यावर भर दिला जातो. त्यामुळे तिथे शस्त्रक्रियेची वेळ कितीतरी कमी वेळा येते. पाहिलंत? जनुकातली चूक निसर्गात आपोआप झाली, पण पुढे कोणती गाय आणि कोणता वळू निवडायचा, हे माणूस ठरवतो. मला मनापासून वाटतं, की वासराचं वजन मोजताना आईच्या वेदनाही मोजायला हव्यात. मांस जास्त मिळतं म्हणून दर वेताला गायीचं पोट फाडावं लागणं योग्य नाही.

तुम्हाला काय वाटतं? घरी आणि वर्गात यावर बोला, भांडा, आणि आम्हाला पत्र लिहून जरूर कळवा. पत्रात तीन-तीन अक्षरी शब्दांचं स्वतःचं एक वाक्यही पाठवा. त्यातली सलग तीन अक्षरं काढली तर काय होतं, तेही करून पाहा!